सिस्टरबाईंची थोराड बाळं

"वरचं काय काय चालू आहे?"

सिस्टरबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. तोही बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या सरकारी दवाखान्याच्या भरल्या व्हरांड्यात, चाळीस-पन्नास माणसांच्या देखत. मी मराठी शाळेचा मास्तर, सत्तावीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेली. माझं टाळकंच सटकलं.

"बाई, जरा तोंड सांभाळून बोला," मी म्हणालो. "मी आजवर कुणाकडून वरचा एक चहासुद्धा घेतलेला नाही."

"चहा घेत नाही?"

"मी खातच नाही हो! तत्त्व आहे माझं!"

सिस्टरबाईंनी माझ्याकडे आधी खालून वर पाहिलं. मग एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पाहिलं, आणि त्याला जरा जास्त वेळ लागला. "न खाता हे एवढं," त्या म्हणाल्या, "मग खाल्लं असतं तर दवाखान्याचं दार तोडावं लागलं असतं, गुरुजी."

व्हरांडा खो खो हसला. माझी लेक मागे उभी होती, तिनं माझी बाही ओढली. "बाबा, त्या जेवणाचं विचारू राहिल्या. लाच नाही." मी खुर्चीत बसलो. खुर्ची करकरली, तेव्हा पुन्हा हसले सगळे. असा माझा आणि सिस्टरबाईंचा परिचय झाला, आणि त्या दिवशी मी मनात ठरवलं होतं की या बाईचं पुन्हा तोंड पाहायचं नाही.

त्यांची काही चूक नव्हती म्हणा. बावीस वर्षं त्या फक्त बाळांना सुया टोचत आल्या होत्या, बाळांची वजनं करत आल्या होत्या. बाळाच्या आईला त्या एकच विचारायच्या, वरचं काय चालू आहे? म्हणजे अंगावरच्या दुधाशिवाय आणखी काय देता, पेज, वरणाचं पाणी, बिस्कीट? मग त्या सुमारास सरकारनं सगळं एकत्र करायचं ठरवलं. साखर, बीपी आणि वाढलेलं वजन यांचा मोठ्या इस्पितळातला वेगळा विभाग छोट्या दवाखान्यांत विलीन झाला, आणि एके दिवशी सिस्टरबाईंच्या टेबलावर वरून कागद आला की आजपासून दर बुधवारी मोठ्या माणसांनाही जीवनशैली शिकवा आणि त्यांचं वजन उतरवा. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. "त्यातला एक दिवस चहा-समोशात गेला," त्या सांगायच्या. "म्हणजे वरच्यात!"

मग त्यांनी आपल्या डोक्यानं रस्ता काढला. माणूस म्हणजे शेवटी बाळच, थोडं थोराड. दोन वेळचं जेवण हे त्याचं आईचं दूध. बाकी जे जे तोंडात जातं ते सगळं वरचं. चहा वरचा, चहाबरोबरची खारी वरची, शाळेच्या मधल्या सुट्टीतली शेव वरची, कुणाच्या मुलाचा निकाल लागला म्हणून आलेली मावा जलेबी वरची, आणि "आज जेवलोच नाही, नुसता दराबा चाखला" यातला तूप-साखरेत घोटलेला दराबा तर डबल वरचा. आमच्या बुऱ्हाणपुरात जेवणाबद्दल विचारलं तर कुणीही खरं सांगेल. वरच्याबद्दल विचाराल तर कुणाला काही आठवत नाही.

त्यांच्या टेबलावर एक लाल खुळखुळा असायचा. सुई टोचताना बाळाचं लक्ष वेधायला ठेवलेला. आमच्यापैकी कुणी खोटं बोलतंय असं वाटलं की त्या तो वाजवायच्या. तोंडानं एक शब्द नाही, चेहऱ्यावर राग नाही, नुसता खुळखुळा. केळीचे मोठे व्यापारी एक शेठ होते, ट्रकच्या ट्रक दिल्लीला पाठवणारे. ते सांगत होते, "सिस्टर, मी तर हल्ली फक्त केळीच खातो, एखादं-दुसरं."

खुळखुळ.

"चार."

खुळखुळ खुळखुळ.

"अहो, बागेत गेल्यावर हिशेब कुठे राहतो!"

"आता खरं बोलला माझा सोन्या," सिस्टरबाई म्हणाल्या आणि खुळखुळा खाली ठेवला. शेठचं वय साठ होतं. ते लाजले, पण मनातून खूश झालेले दिसले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी सोन्या म्हटलं नसावं.

आता मी या दवाखान्यात का गेलो ते सांगतो. आधी सांगायला हवं होतं, पण ते आठवलं की अजून कान गरम होतात. संक्रांतीनंतर माझ्या लेकीचा साखरपुडा झाला. एकुलती एक लेक, मुलगा जबलपूरचा, घराणं चांगलं, सगळं छान. मुलाकडची मंडळी सतरंजीवर बसली म्हणून मीही बसलो. मांडी जमेना, तर पाय एका अंगाला घेऊन कसाबसा टेकलो. बोलणी झाली, पेढे झाले, सगळे उठले. मी उठेना. म्हणजे मला उठता येईना. एकशे अठरा किलो वजन, गुडघे अडकलेले, आणि व्याही हात जोडून निरोपासाठी समोर उभे. शेवटी माझ्या थोरल्या भावानं आणि दोन भाच्यांनी मला काखेत हात घालून उचललं. भाच्यांतला एकजण "जोर लगाके" म्हणाला. मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तावर ठरलं. कन्यादानाचा विधी आमच्या भटजींचा सविस्तर, पाऊण तास पाटावर बसावं लागतं. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर भाऊ म्हणाला, "तू खुर्चीवर बस. नाहीतर असं कर, कन्यादान मी करतो, काका म्हणजे बापासारखाच."

स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला, "बाबा खुर्चीवर बसले तरी चालेल काका. त्यांना त्रास नको."

रोज सकाळी शाळेत जाताना माझ्या बुटांच्या नाड्या हीच लेक बांधायची. मला वाकता येत नव्हतं. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही, आणि तेच मला टोचत होतं. तिचं चालेल म्हणणं ऐकलं आणि मी ठरवलं, चालणार नाही. मी मांडी घालून पाटावर बसणार, माझ्या हातानं माझी लेक देणार, आणि माझा मी उठणार. दुसऱ्या बुधवारी लेकीला घेऊन लालबागला गेलो आणि सिस्टरबाईंनी मला वरचं विचारलं.

सरकारी रजिस्टरमध्ये रकाने होते उंचीचे, वजनाचे, कमरेच्या घेराचे. सिस्टरबाईंनी पट्टी ठेवून पेन्सिलीनं आणखी एक रकाना आखला होता. वर लिहिलं होतं, काय जमत नाही. शेठच्या नावापुढे होतं, बागेतला पाण्याचा पाट ओलांडणं. ब्लाउज शिवणाऱ्या एका मावशींच्या पुढे, तापीवरच्या राजघाटाच्या पायऱ्या. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मांडी घालणं. आणि उठणं."

"दोन्हीत मोठं कुठलं?"

"मांडी."

"नाही गुरुजी. बसतं सगळं जग. उठणं मोठं." आणि त्यांनी मांडी खोडून नुसतं उठणं लिहिलं. मी मराठीचा मास्तर, दुसऱ्यानं माझं वाक्य खोडलेलं मला सहन होत नाही. पण पेन्सिल त्यांच्या हातात होती.

त्यांच्याकडे मोठ्यांसाठी कार्डं नव्हती. म्हणजे येणार होती, येत होती, वर्षभर येतच होती. म्हणून त्यांनी बाळांच्या वाढीची उरलेली कार्डं काढली. त्यावर वजनाची रेघ महिन्यागणिक वर चढत जायला हवी. बाळांची वर, तर थोराड बाळांची खाली, म्हणून त्या आमची कार्डं उलटी धरून भरायच्या. एकदा जिल्ह्याहून एक तरुण साहेब तपासणीला आले. त्यांनी कार्ड हातात घेतलं. उलटं आहे असं वाटून सुलटं केलं. सुलटं केल्यावर आकडे उलटे झाले म्हणून परत उलटं केलं.

"सिस्टर, ये क्या है? ये तो बच्चों का है।"

"हां साब, बच्चे ही हैं," सिस्टरबाईंनी बाकावर बसलेल्या आम्हा बारा जणांकडे हात केला. "जरा बढ़ गए हैं।"

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. शेठनी त्यांना नमस्कार केला. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा न घेता गेले. "शिकलेला आहे," सिस्टरबाई मागून म्हणाल्या. "वरचं घेत नाही."

स्वतः त्या काटकुळ्या होत्या. पांढऱ्या साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. लालबागहून शहरातल्या बुधवारा मोहल्ल्यापर्यंत चालत यायच्या आणि चालतच परत जायच्या. एखादा रिक्षावाला हळू करून विचारायचा, "आओ सिस्टर, छोड़ देता हूं." त्या थांबून त्यालाच विचारायच्या, "तू केव्हाचा उतरला नाही त्या सीटवरून? उतर, उतर, चार पावलं चाल माझ्याबरोबर." हळूहळू रिक्षावाले त्यांना पाहिल्यावर जोरात काढायला लागले.

आम्हाला चालवायची त्यांची पद्धत आठवली की अजून मला घाम फुटतो. बुधवारी सकाळी साडेसहाला बुधवाऱ्यात जमायचं आणि तापीवर जाऊन परत यायचं. पहिल्या बुधवारी शेठ पुढे गेले आणि दमून एका ओट्यावर बसले. मावशी मागे राहिल्या आणि लाजून घरी गेल्या. मी मधेच चहाच्या टपरीशी रेंगाळलो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या बुधवारी सिस्टरबाई पॉवरलूमवाल्याकडून जाड सुताचा एक लांब दोर घेऊन आल्या.

"धरा," त्या म्हणाल्या.

बालवाडीची मुलं रस्ता ओलांडताना धरतात तसा. बारा जण, एका मागे एक, डाव्या हातात दोर, आणि पुढे पांढरे बूट टकटकत. कुणाला पुढे पळता येईना, कुणाला मागे राहता येईना. सकाळच्या वेळी बुधवाऱ्यात दूधवाले, पेपरवाले, शिकवणीला निघालेली पोरं, सगळे रस्त्यावर. माझ्या आठवीच्या वर्गातली दोन कार्टी सायकलवर उभी राहून पाहत होती.

"सर, कितवीत आहात?"

मी म्हणणार होतो, उद्या वर्गात ये, सांगतो. पण सिस्टरबाईंनीच उत्तर दिलं. "बालवाडीत. नवीन आहेत, रडत नाहीत, हुशार आहेत." त्या दिवशी शाळेत फळ्यावर कुणीतरी दोर धरलेला एक जाडा माणूस काढून ठेवला होता. मी त्याखालच्या ओळीतली शुद्धलेखनाची चूक सुधारली आणि शिकवायला लागलो. लाज एकदाच जायची असते. ती गेली की चालणं फार सोपं होतं.

चैत्रापर्यंत माझी रेघ तीन किलोंनी उतरली होती. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली आणि मी एका शब्दापायी तोंडघशी पडलो.

सिस्टरबाईंनी मला सांगितलेलं साधं होतं. रात्री एक पोळी, वाटीभर वरण, भाजी हवी तेवढी. शहरात पोळी म्हणजे रोजची, तव्यावरची. आखाजीला मी सासुरवाडीला गेलो, तापीकाठच्या गावात, केळीच्या बागांमधलं घर. तिथे रोजची ती भाकर आणि सणाची ती पोळी. पोळी म्हटलं की एकच, खापरावरची पुरणाची, बायका हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवतात ती. चार घड्या घातल्याशिवाय ताटात मावत नाही. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, एक पोळी तरी घ्या."

एक पोळी! शब्द न शब्द जुळला. माझ्या मनात शंका आली नाही असं नाही. आली. पण मी व्याकरणाचा माणूस. विशेषण एक, नाम पोळी, वचन एकवचन. मी एकच घेतली. पोळी कोरडी खात नाहीत म्हणून तूप घेतलं. आमरसाशिवाय ती उतरत नाही म्हणून आमरस घेतला. कुरडया तर हवाच असतात. चार दिवस राहिलो आणि रोज एकच खाल्ली.

बुधवारी काटा दोन किलो वर. सिस्टरबाईंनी खुळखुळा उचलला.

"वाजवू नका," मी म्हणालो. "मी तुमच्या सांगण्याबाहेर गेलो नाही. एकच पोळी खाल्ली, शपथेवर सांगतो." आणि मी त्यांना एकवचन समजावून सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रविवारी अकरा वाजता त्या माझ्या दारात उभ्या. खांद्यावर बाळांचं वजन करायचा लटकता काटा आणि त्याची झोळी. "वहिनी," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "गुरुजींची ती एक पोळी करा बरं. जशीच्या तशी." बायको त्या गावचीच. तिनं खापर काढलं आणि मोठ्या उत्साहानं पोळी केली. मला वाटतं तिला हे सगळं फार आवडत होतं. सिस्टरबाईंनी दाराच्या कडीला काटा टांगला, झोळीत स्वच्छ पातेलं ठेवलं आणि त्यात पोळी घातली. मग तूप. मग आमरस, मी घेतला होता तेवढा, आणि दुसऱ्यांदा घेतला होता तेवढा. मग कुरडया. पातेलं वजा जाता काटा एक किलो आठशेवर थांबला.

सिस्टरबाईंनी झोळी हलकेच हलवली, अगदी बाळ झोपवतात तशी. "अपुऱ्या दिवसांचं बाळ आहे, गुरुजी. एका बसणीत गिळलं तुम्ही. आणि म्हणता एकच!"

माझी लेक हसून हसून भिंतीला टेकली. मी मात्र खजील झालो होतो. मग सिस्टरबाईंनी पोळीचा पाव भाग तोडला, ताटात घेतला, वर तूप घेतलं आणि खाली बसून चवीनं खाल्ला. बाकीची शेजारीपाजारी वाटायला लावली. हात धुताना म्हणाल्या, "सणाला खायचं. का नाही खायचं? पण त्याला एक म्हणायचं नाही." हे त्यांचं एकच वाक्य मला सगळ्या पथ्यापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

आषाढ-श्रावणात रेघ नीट उतरत गेली. शेवेची पुडी बंद झाली. चहा दोनवर आला. दवाखान्यात आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरांनी बीपी पाहून मान हलवली. माझी छाती फुगली. मला वाटलं, झालं, आता बसतोच. एका दुपारी बायको बाजारात गेली होती. मी पाट मांडला आणि मांडी घातली. जमली! अगदी पूर्ण नाही, पण मांडीच. मी एकटाच हसलो. मग उठायला गेलो, पायात गोळा आला आणि मी मागच्या मागे उताणा पडलो.

लेक कामावरून येईपर्यंत मी तिथेच होतो. छताकडे बघत. तास असेल, दीड असेल. तिनं मला कसं उठवलं तिचं तिला माहीत. स्वयंपाकघरात गेली आणि बायको आल्यावर तिला हळूच म्हणाली. हळू म्हणाली, पण आमचं घर केवढंसं.

"आई, लग्न पुढे ढकलू या का? मी जबलपूरला गेल्यावर बाबा असे पडले तर उठवणार कोण त्यांना?"

मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आतून ओरडलो, "काही ढकलायचं नाही! मी खुर्चीवर बसेन! भावाला सांगा कन्यादान करायला! झालं समाधान?" आणि बुधवार सोडले. एक सोडला, दुसराही सोडला.

तिसऱ्या बुधवारी दुपारी सिस्टरबाई आल्या. मला वाटलं खुळखुळा काढतील, नाहीतर समजूत घालतील. त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या, पदर खोचला आणि विचारलं, "बाळ आधी काय करतं?"

"रडतं," मी म्हणालो.

"ते तुम्ही केलं. पुढे?"

बायको म्हणाली, "पालथं पडतं."

"मग?"

"रांगतं. मग बसतं. मग धरून उभं राहतं."

"आणि हे?" सिस्टरबाई माझ्याकडे वळल्या. "हे थेट बसायला गेले. ना पालथे पडले, ना रांगले. कसं उठता येईल? उठण्याचा रस्ता पालथं पडण्यातून जातो, गुरुजी. चूक माझीच. मी तुमची रेघच बघत राहिले." आणि त्या बाई, पन्नाशीच्या, स्वच्छ पांढऱ्या साडीनिशी आमच्या फरशीवर झोपल्या. कुशीवर वळल्या. पालथ्या झाल्या. हातांवर आल्या, गुडघ्यांवर आल्या, एक पाऊल पुढे टाकलं, त्या गुडघ्यावर हात रेटला आणि उभ्या राहिल्या. "या आता."

मी बावन्न वर्षांचा. बायकोसमोर, लेकीसमोर पालथा पडलो. पहिल्यांदा कुशीवरच अडकलो. लेक धावली.

"हात लावायचा नाही!" सिस्टरबाई कडाडल्या. "आईबापांची हीच चूक होते. बाळ धडपडलं की उचललं. मग ते शिकणार केव्हा? पडू द्या."

लेक जागच्या जागी थांबली. तिनं हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले. मी तिच्याकडे बघत बघत पालथा झालो. बायकोला राहवलं नाही. आमच्या घरात बाळ पालथं पडलं की घारगे तळतात. ती म्हणाली, "घारगे करू का?"

"वरचं!" सिस्टरबाई आणि मी एकदमच ओरडलो, आणि मग सगळेच हसलो. पंधरा दिवसांत त्या घरात पहिल्यांदा हसू आलं होतं.

दिवाळीपर्यंत मी रोज सकाळ-संध्याकाळ रांगलो. माजघरातून पडवीपर्यंत आणि परत. दूधवाल्यानं एकदा दारातून पाहिलं आणि दूध उंबऱ्यावर ठेवून निघून गेला. त्याला गावात काय सांगायचं ते सांगो. भाऊबीजेच्या दिवशी मी पाटावरून एकट्यानं उठलो. वजन त्या आठवड्यात एकशे सात होतं. साहेबांच्या कोष्टकात मी तरीही लाल रकान्यातच होतो. सिस्टरबाईंनी मात्र रजिस्टर काढलं, उठणं या शब्दापुढे बरोबरची खूण केली आणि बाजूला लिहिलं, घरी. "बाहेर केलं की मग पूर्ण," त्या म्हणाल्या. पुढे त्यांची बदली झाली, मग त्या निवृत्त झाल्या आणि आपल्या बहिणीकडे गेल्या एवढंच कानावर आलं. पण त्याआधी लग्नाला त्या आल्या होत्या.

दवाखान्यातून थेट आल्या, त्याच पांढऱ्या साडीत, आणि मांडवाच्या कडेला उभ्या राहिल्या. भावानं माझ्या मागे एक खुर्ची आणून ठेवली होती, असू दे म्हणून. मी तिच्याकडे पाहिलंही नाही. सोवळं नेसून पाटावर बसलो, मांडी घातली. भटजींनी आपला विधी कणभरही आखडता घेतला नाही. लेकीचा हात माझ्या ओंजळीत आला. त्यावर पाणी पडलं. माझे पाय केव्हाच बधिर झाले होते, पण ओंजळ हलली नाही. माझी लेक मी दिली. माझ्या हातानं दिली.

"उठा यजमान," भटजी म्हणाले.

भाऊ पुढे झाला. दोन्ही भाचे बाह्या सरसावून आले. व्याह्यांनी सुद्धा हात पुढे केला, त्यांनी साखरपुड्याला पाहिलेलं होतंच.

"कोणी हात लावायचा नाही!"

अख्खा मांडव दचकला. सनईवाला थांबला. सिस्टरबाई कडेला कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. भाऊ होता तिथेच थबकला. मी दोन्ही तळवे जमिनीवर टेकले, कुशीवर झालो, वळलो आणि तीनशे माणसांसमोर, व्याह्यांसमोर, सोवळ्यानिशी गुडघ्यांवर आलो. कुणीतरी हसलं. हसू दे. उजवं पाऊल पुढे टाकलं, गुडघ्यावर हात रेटला. एकदा तोल गेला. कुणी हललं नाही. दुसऱ्यांदा रेटलं आणि उभा राहिलो.

मग मी खाली पाहिलं. लेक नवऱ्याशेजारी पाटावर बसली होती. तिचे दोन्ही हात माझ्याकडे अर्धे वर आलेले होते, मेंदीचे, हिरव्या बांगड्यांचे. ते तसेच हवेत थांबले होते. मी उभा आहे हे तिनं नीट पाहिलं, आणि हात हळूच खाली घेऊन मांडीवर ठेवले. मला केवढा अभिमान वाटला.

सकाळपासून ती रडली नव्हती. तेव्हा रडायला लागली.